विभक्त पालक आणि अपत्याच्या निर्वाह-खर्चाची गणना : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निवाड्याचा चिकित्सक अभ्यास

सारांश :
पती-पत्नी विभक्त झाल्यानंतर अपत्याच्या निर्वाहासाठी किती रक्कम द्यावी, हा प्रश्न भारतीय न्यायालयांसमोर दररोज उपस्थित होतो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निवाडा मार्गदर्शक मानला जातो. उभय पालकांनी उत्पन्न, मालमत्ता व खर्च यांचे सविस्तर शपथपत्र दाखल करावे, असे बंधन या निवाड्याने घातले. प्रस्तुत लेखात सदर निवाड्यातील अपत्यविषयक भागाची चिकित्सा केली आहे. निवाड्याने माहिती गोळा करण्याची शिस्त लावली. परंतु त्या माहितीवरून अपत्याची रक्कम कशी काढावी आणि ती आदेशात कशी मांडावी, याची शिस्त लावली नाही, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पोटगी, अपत्याचा निर्वाह-खर्च, शपथपत्र, उत्पन्नाचे प्रमाण, संगोपन, कौटुंबिक न्यायालय.

प्रस्तावना :
मराठीत ‘पोटगी’ हा शब्द सामान्यतः पत्नीला मिळणाऱ्या रकमेसाठी वापरला जातो. अपत्याला मिळणाऱ्या रकमेसाठी वेगळा रूढ शब्द नाही. तीही पोटगीच्याच पोटात जाते. भाषेतील ही स्थिती कायद्याच्या व्यवहारातही दिसून येते. पत्नी आणि अपत्य यांचा अर्ज बहुधा एकच असतो, युक्तिवाद एकच असतो आणि पुष्कळदा आदेशातील रक्कमही एकत्रितच असते. वास्तविक पत्नीचा हक्क विवाहसंबंधातून आणि अपत्याचा हक्क जन्मातून निर्माण होतो. पत्नी नोकरी करते, ती स्वतःहून घर सोडून गेली, तिने तडजोड नाकारली इत्यादी आक्षेप तिच्या हक्काबाबत घेतले जाऊ शकतात. अपत्याच्या हक्काला हे आक्षेप लागू होत नाहीत. म्हणूनच अपत्याच्या रकमेची गणना स्वतंत्रपणे होणे अगत्याचे ठरते.

कौटुंबिक वादांतील पक्षकारांची नावे प्रस्तुत लेखात घेतलेली नाहीत. निवाड्यांचा निर्देश तारखेने किंवा वर्षाने केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) अपत्याच्या निर्वाह-खर्चाविषयीच्या कायद्याची वाटचाल थोडक्यात पाहणे.
२) २०२० च्या निवाड्यातील अपत्यविषयक निकषांची चिकित्सा करणे.
३) प्रचलित गणनापद्धतींची उदाहरणासह तुलना करणे.
४) आदेशातील गणनेच्या मांडणीसाठी उपाय सुचविणे.

कायद्याची पार्श्वभूमी :
फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ नुसार पत्नी, अपत्ये व आई-वडील यांना निर्वाहासाठी दरमहा कमाल ५०० रुपये देवविता येत असत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्य दुरुस्ती करून ही मर्यादा १,५०० रुपये केली. पुढे २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने कमाल मर्यादाच रद्द केली, अंतरिम पोटगीची तरतूद केली आणि अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून ही तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. याखेरीज हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम २६, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम २० आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ चे कलम २० यांखालीही अपत्यासाठी रक्कम मागता येते.

मर्यादा होती तोपर्यंत गणनेचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नव्हता. ५०० रुपयांत कोणता खर्च बसवायचा याचा हिशेब करण्याचे कारण नव्हते. मर्यादा गेल्यावर न्यायाधीशाला व्यापक स्वेच्छाधिकार मिळाला. मात्र तो कसा वापरावा याचे कोष्टक कायद्याने दिले नाही. १९५६ च्या कायद्यातील कलम २३ मध्ये पक्षकारांचा दर्जा, वाजवी गरजा, मागणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न, अवलंबून असणाऱ्यांची संख्या असे घटक नमूद आहेत. पण घटकांची यादी म्हणजे गणनापद्धती नव्हे. कोणत्या घटकाला किती वजन द्यावे, हे यादीतून कळत नाही.

२०२० चा निवाडा : स्वरूप व महत्त्व
या निवाड्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. पत्नीने जानेवारी २०१३ मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, पतीचे घर सोडले आणि २ सप्टेंबर २०१३ रोजी अर्ज केला. नागपूर येथील कौटुंबिक न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१५ रोजी अंतरिम आदेश दिला. त्यानुसार पत्नीला १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा १५,००० रुपये, तर मुलाला १ सप्टेंबर २०१३ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळासाठी दरमहा ५,००० रुपये आणि १ सप्टेंबर २०१५ पासून पुढे दरमहा १०,००० रुपये मंजूर झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये हा आदेश कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या अर्जासाठी कायद्याने ६० दिवसांची अपेक्षा ठेवली होती, तो सात वर्षे न्यायालयांत राहिला. याची खंत निवाड्यातही व्यक्त झाली आहे.

न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने ही संधी घेऊन देशभरासाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. एकाहून अधिक कायद्यांखाली मिळालेल्या रकमांचे समायोजन, उभय पक्षांची शपथपत्रे, रक्कम ठरविण्याचे निकष, अर्जाच्या तारखेपासून रक्कम देणे आणि आदेशाची अंमलबजावणी हे त्यांचे पाच विषय होत. शपथपत्राचे नमुने निवाड्याला जोडलेले आहेत. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना असून त्यात जमिनीचे क्षेत्र, ओलित की कोरडवाहू, पिके इत्यादी तपशील मागितले आहेत. शपथपत्रे दाखल झाल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा, असेही सांगितले आहे.

या निवाड्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. ‘पगार कमी आहे’ एवढे तोंडी सांगून वेळ मारून नेण्याची पतीची आणि गरजा फुगवून सांगण्याची पत्नीची, अशा दोन्ही सवयींना त्याने आळा घालण्याचा प्रयत्न केला. रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय ठरविल्यामुळे विलंबाचा फायदा देणाऱ्याला मिळू नये, हे तत्त्व प्रस्थापित झाले. तथापि ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच या सूत्रांचे पालन होत नसल्याची नोंद घ्यावी लागली आणि निवाडा पुन्हा सर्व न्यायालयांकडे पाठविण्याचे निर्देश द्यावे लागले. पालन होत नाही हा एक दोष झाला. पालन झाले तरी काय उरते, हा येथील प्रश्न आहे.

अपत्यविषयक निकषांची चिकित्सा :
निवाड्यातील निकषांचा मोठा भाग पत्नीविषयी आहे. तिचे शिक्षण, वय, नोकरी, विवाहाचा कालावधी, निवासाचा हक्क यांची चर्चा तेथे विस्ताराने येते. अल्पवयीन अपत्यांसाठी मात्र एक छोटा परिच्छेद आहे. त्याचा आशय असा की, अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण हे खर्च धरावेत. शिकवणी व पूरक अभ्यासक्रमांचा खर्चही वाजवी प्रमाणात धरावा. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा आणि आई पुरेसे कमावत असल्यास तो प्रमाणात वाटून घ्यावा. रक्कम ठरविण्याचे ठोकळेबाज सूत्र असू शकत नाही, हेही निवाड्यात स्पष्ट केले आहे.

यातील पहिली उणीव म्हणजे ‘प्रमाणात’ या शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही. प्रमाण एकूण पगाराचे, हाती येणाऱ्या पगाराचे, की कर्जाचे हप्ते वजा केल्यानंतरच्या रकमेचे? वाहनकर्ज किंवा स्वेच्छेने वाढविलेली भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वजा केली, तर देणाऱ्याचे उत्पन्न कागदावर सहज कमी होते. शिवाय प्रमाणाचे तत्त्व शिक्षणखर्चाच्या ओघात आले आहे. अन्न, निवास व औषधोपचार यांनाही ते लागू आहे किंवा कसे, याचा खुलासा होत नाही.

दुसरी उणीव निवासखर्चाबाबत आहे. मूल आईजवळ राहते तेव्हा घरभाडे आईच्या खर्चात दाखविले जाते. त्यातील मुलाचा वाटा वेगळा काढला जात नाही. आई माहेरी राहत असेल तर भाडे शून्य दिसते. प्रत्यक्षात तो भार आजी-आजोबा उचलत असतात. शपथपत्रात तिसऱ्या व्यक्तीच्या मदतीविषयी विचारणा आहे, पण ती अपत्याच्या शिक्षणखर्चापुरती. परिणामी आजोळचे औदार्य हिशेबात वडिलांची बचत म्हणून जमा होते.

तिसरी उणीव काळाबाबत आहे. नागपूरच्या प्रकरणात १ सप्टेंबर २०१५ पासून मुलाची रक्कम ५,००० वरून १०,००० झाली. ती दुप्पट कशामुळे झाली, कोणत्या बाबी वाढल्या, याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात येत नाही. नंतर तीच रक्कम पाच वर्षे स्थिर राहिली. या अवधीत अडीच वर्षांचे मूल आठव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आले. म्हणजे अंगणवाडीच्या वयापासून प्राथमिक शाळेपर्यंतचा सर्व प्रवास एकाच आकड्यात झाला. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तरी पाच वर्षांनंतर १०,००० रुपयांची क्रयशक्ती सुमारे ७,८३५ रुपये एवढीच उरते. बदललेल्या परिस्थितीत रक्कम वाढवून मागण्याची सोय कायद्यात आहे. परंतु त्यासाठी नवा अर्ज, नवा वकील आणि नव्या तारखा लागतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीच्या कायम पोटगीत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आदेशातच नमूद केली. अपत्याच्या बाबतीत, जेथे वय वाढणे निश्चित आहे, तेथे अशी वाढ अपवाद न राहता नियम व्हावयास हवी.

प्रचलित गणनापद्धतींची तुलना :
भारतीय न्यायालयांच्या व्यवहारात तीन पद्धती प्रामुख्याने आढळतात. पहिली टक्केवारीची. २०१७ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य मानली. त्यात अपत्याच्या रकमेचे प्रमाण ठरविलेले नाही. तरीही २५ टक्के हा आकडा वकिलांच्या तोंडी असा रुळला आहे की, पत्नी व अपत्य मिळून तेवढेच, असा समज अनेकदा दिसतो.

दुसरी पद्धत वाट्यांची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये कुटुंबाच्या एकूण साधनांचे वाटे पाडण्याची कल्पना मांडली. कमावणाऱ्या पतीला दोन वाटे आणि इतर प्रत्येक सदस्याला एक वाटा. पतीची मिळकत ६०,००० रुपये, पत्नी न कमावणारी आणि एक मूल असेल, तर चार वाटे होऊन मुलाच्या वाट्याला १५,००० रुपये येतात. पद्धत सुटसुटीत आहे आणि मुलाला स्वतंत्र वाटेकरी मानते, हा तिचा मोठा गुण. पण तान्हे मूल आणि बारावीचा विद्यार्थी यांचा वाटा ती सारखाच धरते.

तिसरी पद्धत गरज व प्रमाण यांची. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दोन्ही पालक कमावते असलेल्या प्रकरणात प्रत्येक मुलासाठी दरमहा ३,००० रुपये गरज ठरविली आणि ती वडील व आई यांनी २:१ या प्रमाणात उचलावी असे सांगितले. आधी गरज, मग उत्पन्नाचे प्रमाण, मग वाटणी हा क्रम या निवाड्यात स्पष्ट आहे. २०२० च्या सूत्रांनी याच क्रमाला सार्वत्रिक रूप दिले असते, तर बराच संदिग्धपणा टळला असता.

ही पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने तपासता येईल. वडिलांचे निव्वळ उत्पन्न ६०,००० व आईचे ३०,००० रुपये आहे. आठ वर्षांचे मूल आईजवळ राहते. त्याचा मासिक खर्च असा : शाळेची फी ३,०००, शाळेच्या व्हॅनचे भाडे १,५००, शिकवणी १,५००, अन्न ४,०००, कपडे व वह्या-पुस्तके १,०००, औषधोपचार १,०००, घरभाडे व वीजबिलातील वाटा ६,०००; एकूण १८,००० रुपये. २:१ या प्रमाणाने वडिलांचे १२,००० व आईचे ६,००० रुपये होतात. आता निवासाचा वाटा वगळला, तर गरज १२,००० वर येते आणि वडिलांची जबाबदारी ८,००० होते. केवळ एक रकाना रिकामा राहिल्याने दरमहा ४,००० रुपयांचा फरक पडतो. गणना आदेशात दिसत असेल तर ही चूक अपिलात दाखविता येते. केवळ अंतिम आकडा दिसत असेल तर ती चूक होती हेही कळत नाही.

संगोपनाच्या श्रमाचा प्रश्न :
गरज व प्रमाण ही पद्धत तुलनेने न्याय्य असली तरी निर्दोष नाही. वरील उदाहरणात दोन्ही पालकांचे उत्पन्न प्रत्येकी ४५,००० रुपये आहे असे मानले, तर प्रत्येकाचा वाटा ९,००० होईल. पैशाची वाटणी समान झाली. परंतु डबा, अभ्यास, आजारपणातील जागरण, शाळेच्या सभा ही सर्व कामे मूल जिच्याजवळ आहे त्या आईकडेच राहिली. त्यासाठी तिने जादा काम, बदली किंवा बढती नाकारली असेल, तर ते नुकसान कोणत्याही रकान्यात येत नाही. ज्या प्रकरणात मूल वडिलांजवळ असेल, तेथे हेच त्यांच्याबाबत म्हणावे लागेल.

अन्य देशांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. जर्मनीच्या कायद्यात अल्पवयीन मूल ज्या पालकाजवळ राहते, तो सर्वसाधारणपणे संगोपनातूनच आपला वाटा पूर्ण करतो असे मानले जाते आणि रोख रक्कम दुसऱ्याने द्यावयाची असते. ब्रिटनमध्ये देणाऱ्या पालकाच्या ढोबळ साप्ताहिक उत्पन्नाच्या, ८०० पौंडांपर्यंत, एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ व तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के असा मूळ दर आहे. मूल वर्षातून किमान ५२ रात्री देणाऱ्याकडे राहिल्यास त्यात टप्प्याटप्प्याने कपात होते. या पद्धतीत सांभाळणाऱ्या पालकाचे उत्पन्न मोजलेच जात नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून प्रत्येक राज्याच्या कोष्टकाने येणारी रक्कम प्रथमदर्शनी योग्य मानली जाते आणि न्यायाधीशाने वेगळी रक्कम ठरविल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात.

यांपैकी कोणतेही कोष्टक जसेच्या तसे उचलता येणार नाही. नोकरदाराच्या पगारपत्रकावर चालणारी टक्केवारी रोखीने व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला किंवा कापूस-सोयाबीनच्या हंगामावर जगणाऱ्या शेतकऱ्याला लागू करणे कठीण आहे. खोट्या उत्पन्नावर अचूक टक्केवारी लावली तर खोटाच आकडा मिळतो. वृद्ध आई-वडिलांची जबाबदारी हीदेखील येथील वस्तुस्थिती आहे. ठोकळेबाज सूत्र नाकारण्यामागील सर्वोच्च न्यायालयाची सावधगिरी म्हणूनच समजण्यासारखी आहे. परंतु सूत्र नाकारणे आणि गणना न दाखविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जर्मनीतील ‘ड्युसेलडॉर्फ कोष्टक’ येथे उद्बोधक ठरते. १९६२ पासून चालत आलेल्या या कोष्टकाला कायद्याचे बळ नाही. तरी मुलाचा वयोगट व देणाऱ्याचे उत्पन्न यांनुसार दिलेल्या त्यातील रकमांचा आधार तेथील न्यायालये घेतात. स्वेच्छाधिकार टिकवूनही समान मोजपट्टी ठेवता येते, हे यावरून सिद्ध होते.

उपाययोजना :
भारताच्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात अपत्याच्या निर्वाह-खर्चाचा स्वतंत्र विचार केला आणि तो १८ वर्षांपर्यंत, आवश्यक तेथे २५ वर्षांपर्यंत चालू ठेवता यावा अशी शिफारस केली. व्यापक कायदा होईपर्यंत एक मर्यादित सुधारणा शक्य आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम २१ नुसार उच्च न्यायालयांना नियम करण्याचा अधिकार आहे. त्याचा वापर करून प्रत्येक आदेशाला अपत्याचा गणना-तक्ता जोडण्याची पद्धत घालता येईल. त्यात पुढील बाबी असाव्यात :
१) निवासाच्या वाट्यासह अपत्याच्या गरजांची बाबनिहाय बेरीज.
२) उभय पालकांचे निव्वळ उत्पन्न आणि मान्य व अमान्य वजावटी, शेतीच्या बाबतीत वर्षाच्या उत्पन्नावरून काढलेली मासिक सरासरी.
३) उत्पन्नाचे प्रमाण व त्यानुसार वाटणी.
४) प्रत्यक्ष संगोपन कोण करतो याची नोंद आणि त्यासाठी केलेला फेरबदल.
५) वार्षिक वाढ व फेरविचाराचा टप्पा, उदा. शाळाप्रवेश, दहावी, बारावी.

न्यायाधीशाला यांपैकी कोणत्याही टप्प्यावर वेगळा निर्णय घेता यावा. फक्त त्याचे कारण त्याच ओळीत लिहिले जावे. न्यायालयांवरील कामाचा ताण पाहता हा आणखी एक कागद वाढेल, असा आक्षेप संभवतो. परंतु लागणारी बहुतेक माहिती २०२० च्या निवाड्याने मागितलेल्या शपथपत्रात आधीच असते. तक्ता केवळ तिला शेवटपर्यंत नेतो.

निष्कर्ष :
१) २०२० च्या निवाड्याने पालकांकडून हिशेब मागण्याची पद्धत दृढ केली, परंतु न्यायालयाने स्वतःचा हिशेब आदेशात मांडावा, असे बंधन घातले नाही.
२) अपत्याची रक्कम पत्नीच्या पोटगीत मिसळल्याने पती-पत्नीतील दोषारोपांचा परिणाम अपत्याच्या हक्कावर होतो.
३) २००० सालच्या निवाड्यातील गरज, प्रमाण व वाटणी हा क्रम उपलब्ध पद्धतींमध्ये अधिक न्याय्य आहे, त्याला संगोपनाच्या श्रमाची जोड मिळणे आवश्यक आहे.
४) वाढीची तरतूद मूळ आदेशातच असावी.

अपत्य या दाव्यात बोलत नाही. आई-वडील परस्परांविरुद्ध बोलतात आणि न्यायालय त्या दोघांमध्ये समतोल साधते. ज्याच्या नावाने रक्कम ठरते, त्याने मोठेपणी तो आदेश वाचला, तर आपल्या वाट्याचा आकडा कसा आला हे त्याला कळावयास हवे. एवढी अपेक्षा कोणत्याही न्यायव्यवस्थेकडून अवाजवी म्हणता येणार नाही.